आधी खाच पाहा, मग कार्ड घ्या

आमच्या शेजारचे काका निवृत्त शिक्षक आहेत. २०११ साली घेतलेला त्यांचा डेस्कटॉप अजून ठणठणीत चालतो. त्यावर ते मराठी टंकलेखन करतात, घरचे फोटो जपून ठेवतात. गेल्या वर्षी घरात फायबरचं इंटरनेट आलं. राउटर बसला हॉलमध्ये आणि संगणक मागच्या खोलीत. मधल्या दोन भिंतींना भोक पाडून केबल न्यायला घरचे तयार नव्हते. काका दुकानात गेले, ‘कम्प्युटरला वाय-फाय बसवायचंय’ म्हणाले आणि मोठा आकडा छापलेलं खोकं घेऊन आले. आत नखाएवढी यूएसबी कांडी. कनेक्शन १०० मेगाबिटचं, पण संगणकावर मिळत होते जेमतेम दहा-बारा आणि नातवाशी व्हिडिओवर बोलताना आवाज सारखा तुटायचा. ‘संगणकच म्हातारा झाला, आता काढून टाकतो,’ असं ते म्हणायला लागले.

संगणक काढून टाकायची काहीच गरज नव्हती. चुकली होती ती खरेदीची सुरुवात. आपण खोक्यावरच्या आकड्यापासून सुरुवात करतो. करायची असते ती आपल्या संगणकापासून. त्यात कार्डाला जागा कोणती आहे, त्यावर कोणती प्रणाली चालते आणि घरातला राउटर काय देतो, हे तीन प्रश्न याच क्रमाने सोडवले की बाजारातल्या शेकडो कार्डांपैकी दोन-तीनच समोर उरतात. त्यानंतर किंमत पाहायची. काकांच्या संगणकासाठी आम्ही हेच केलं, आणि तोच क्रम इथे मांडतो आहे.

खरेदीआधी एक फुकटची चाचणी

लॅपटॉपचं वाय-फाय अचानक ‘गेलं’ असेल तर कार्ड बदलण्याआधी लॅपटॉपच्या कडा नीट न्याहाळा. २००५ ते २०१२ च्या सुमारास आलेल्या पुष्कळ लॅपटॉपना पुढच्या किंवा बाजूच्या कडेला वाय-फायचं छोटं सरकतं बटण असे. बॅगेत घालता-काढताना ते सरकतं, आणि कार्ड बिघडलं असं आपण धरून चालतो. काही मॉडेलांत हेच काम कीबोर्डच्या वरच्या ओळीतली अँटेनाचं चित्र असलेली कळ करते. डिव्हाइस मॅनेजर उघडून नेटवर्क अ‍ॅडॅप्टरच्या यादीत वायरलेस कार्डाचं नाव दिसतं का, तेही पाहा. नाव दिसत असेल तर कार्ड बहुधा जिवंत आहे; दोष ड्रायव्हरचा किंवा बटणाचा असण्याची शक्यता जास्त.

दुसरी चाचणी सगळ्यांसाठी आहे आणि तिला एक पैसाही लागत नाही. अँड्रॉइड फोन घरच्या वाय-फायला जोडा, चार्जिंगच्या वायरने तो संगणकाला लावा आणि फोनच्या सेटिंगमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ सुरू करा. विंडोज ७ आणि त्यापुढच्या प्रणाली फोनला बहुधा आपोआप ओळखतात आणि फोनचं वाय-फाय वायरीतून संगणकाला मिळतं. फोन संगणकाच्या शेजारीच ठेवून वेग मोजा. फोनला तिथे चांगला वेग मिळाला, तर त्या जागी लहरी पोहोचतात आणि चांगलं कार्ड उपयोगी पडेल. फोनलाही तिथे जेमतेम काही मिळत असेल, तर अडचण भिंतींची आणि अंतराची आहे. मग कार्डावर पैसे घालण्याआधी राउटर घराच्या मधोमध, उंचावर आणून पाहा. काकांच्या मागच्या खोलीत फोनवर ६० मेगाबिट येत होते. म्हणजे लहरी पोहोचत होत्या, कांडी त्या पकडू शकत नव्हती.

डेस्कटॉप: कॅबिनेट उघडून पाहण्याची पाच मिनिटं

संगणक बंद करा, विजेची वायर काढा, कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवा आणि डाव्या बाजूचं झाकण काढा. मदरबोर्डाच्या खालच्या भागात आडव्या खाचा दिसतील. आपल्याला त्यातल्या दोन जातींशी काम आहे.

साधारण साडेआठ सेंटिमीटर लांबीची, बहुतेक वेळा पांढरी खाच ही जुनी पीसीआय. साधारण अडीच सेंटिमीटरची आखूड खाच म्हणजे पीसीआय एक्स्प्रेस एक्स-वन. २००४ पासून मदरबोर्डांवर पीसीआय एक्स्प्रेस येऊ लागली आणि पुढची बरीच वर्षं दोन्ही खाचा एकाच बोर्डावर नांदल्या. त्यामुळे २००८ किंवा २०११ च्या संगणकात दोन्ही सापडतील. दोन्ही असतील तर विचार न करता पीसीआय एक्स्प्रेस निवडा. पीसीआयसाठीची वाय-फाय कार्डं प्रामुख्याने वाय-फायच्या जुन्या जी आणि एन पिढीची आहेत (पिढ्यांचा हिशेब पुढे येतो). आज ती बहुतेक करून जुन्या मालातच मिळतात.

आखूड खाच मोकळी नसेल पण ग्राफिक्स कार्डाची लांब पीसीआय एक्स्प्रेस खाच रिकामी असेल, तर लहान कार्ड त्या मोठ्या खाचेतही बसतं आणि चालतं. मात्र काही जुन्या बोर्डांवर त्या खाचेत काहीही बसवलं की बोर्डावरचं चित्र देणारं पोर्ट बंद पडतं. तसं झालं तर कार्ड काढून संगणक परत सुरू करा. कायमचं नुकसान काही होत नाही.

आणखी दोन गोष्टी मोजून घ्या. तुमचं कॅबिनेट सडपातळ असेल, म्हणजे कार्यालयांत दिसतं तसं आडवं किंवा अरुंद, तर कार्डासोबत अर्ध्या उंचीची धातूची पट्टी आहे ना, हे दुकानातच खोकं उघडून पाहा. दुसरी गोष्ट ब्लूटूथची. पीसीआय एक्स्प्रेस कार्डावर ब्लूटूथ असेल तर त्याची एक बारीक वायर मदरबोर्डावरच्या यूएसबीच्या नऊ पिनांच्या जोडणीला लावावी लागते. ती जोडणी रिकामी नसेल तर वाय-फाय चालेल, ब्लूटूथ चालणार नाही. ‘कार्डाचं ब्लूटूथ बिघडलेलं निघालं’ या तक्रारीमागे पुष्कळदा ही न लावलेली वायरच असते.

डेस्कटॉपचं कार्ड घेताना अँटेनांकडेही लक्ष द्या. कार्डाच्या पाठीला थेट स्क्रूने बसणाऱ्या अँटेना कॅबिनेटच्या मागे, भिंतीला चिकटून आणि पत्र्याच्या आडोशाला राहतात. त्याऐवजी मीटरभर वायर असलेला, टेबलावर ठेवता येणारा अँटेनाचा तळ मिळत असेल तर तो घ्या. टेबलाखाली कॅबिनेट असलेल्या घरात या एका फरकाने जितका फायदा होतो, तितका कार्डाची पिढी बदलूनही पुष्कळदा होत नाही.

यूएसबी कांडी: सोपी, पण जागा पाहून

कॅबिनेट उघडायचंच नसेल तर यूएसबीची कांडी हा सोपा मार्ग आहे. पण पोर्ट ओळखा. फार जुन्या संगणकांचं यूएसबी १.१ पोर्ट कमाल १२ मेगाबिटचं. तिथे कोणतीही कांडी लावा, वेग त्यापुढे जाणार नाही. यूएसबी २.० कागदावर ४८० मेगाबिटचं, प्रत्यक्षात तीनशेच्या आसपास. घरच्या १०० किंवा १५० मेगाबिटच्या कनेक्शनला ते भरपूर झालं. आतून बहुधा निळं असलेलं यूएसबी ३.० पोर्ट वेगवान आहे, पण त्यातले विद्युत संकेत नेमकी २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात खरखर निर्माण करतात. म्हणून कांडी २.४ वर चालवायची असेल आणि शेजारच्याच यूएसबी ३.० पोर्टात हार्ड डिस्क लावलेली असेल, तर वेग घसरतो.

ही खरखर आणि कॅबिनेटच्या पत्र्याचा आडोसा, या दोन्ही अडचणींवर एकच स्वस्त उपाय आहे: मीटर-दीड मीटरची यूएसबीची वाढीव वायर. कांडी पत्र्याच्या मागून काढून टेबलावर, शक्यतो राउटरच्या दिशेला आणा. काकांच्या नखाएवढ्या कांडीचं आम्ही आधी हेच केलं आणि व्हिडिओचं तुटणं त्याच दिवशी पुष्कळ कमी झालं. तरी ही इवलीशी कांडी प्रवासात लॅपटॉपला लावून ठेवण्यासाठी आहे, हे ध्यानात घ्या. एवढ्याशा जागेत चांगली अँटेना मावत नाही. घरात एका जागी राहणाऱ्या संगणकासाठी कांडी घ्यायचीच असेल, तर बाहेर उभी राहणारी अँटेना असलेली घ्या.

प्रणाली ठरवा, मग चिप पाहा

कार्डाचं खरं नाव खोक्यावर मोठ्या अक्षरांत नसतं. खरी ओळख आतल्या चिपची: इंटेल, अ‍ॅथरॉस म्हणजे आताची क्वालकॉम, रिअलटेक, मीडियाटेक, ब्रॉडकॉम. तुमच्या प्रणालीसाठी ड्रायव्हर मिळेल की नाही, हे चिपवर ठरतं. एकाच नावाखाली चिप बदलूही शकते. टीपी-लिंकचं टीएल-डब्ल्यूएन७२२एन हे याचं ठळक उदाहरण. त्याच्या पहिल्या आवृत्तीत अ‍ॅथरॉसची चिप होती, दुसऱ्या आवृत्तीपासून रिअलटेकची. नाव तेच आणि लिनक्सवरचा अनुभव मात्र वेगळा. म्हणून जुना माल घेताना मॉडेलसोबत लेबलावरचा आवृत्तीचा आकडाही वाचायचा.

प्रणालीचं म्हणाल तर विंडोज एक्सपीचा आधार मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ ला थांबवला, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० ला आणि विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला. एक्सपीचा संगणक इंटरनेटला जोडूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. विंडोज ७ वर बँकेचे व्यवहार करू नयेत. म्हणजे जुन्या संगणकाला वाय-फाय देण्याचा विचार आणि त्यावरच्या प्रणालीचा विचार एकाच बैठकीत व्हायला हवा. आज विंडोज ७ साठी कार्ड घ्यायचं आणि दोन महिन्यांनी लिनक्स घालायचं, तर कदाचित दुसरं कार्ड घ्यावं लागेल.

विंडोज ७ वरच राहायचं असेल, उदाहरणार्थ एखादं जुनं सॉफ्टवेअर त्याशिवाय चालत नसेल, तर इंटेलची ७२६० किंवा ८२६५ ही एसी पिढीची कार्डं योग्य. त्यांचे विंडोज ७ चे ड्रायव्हर इंटेलने दिलेले आहेत. नवी वाय-फाय ६ ची इंटेल एएक्स२०० आणि एएक्स२१० ही कार्डं विंडोजमध्ये फक्त १० आणि ११ च्या ६४-बिट आवृत्तींसाठी आहेत. विंडोज ७ च्या संगणकात ती बसतील, पण चालणार नाहीत.

लिनक्स घालायचं असेल तर नियम सोपा: ज्याचा ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यातच (कर्नलमध्ये) आहे तेच कार्ड घ्या. इंटेलची बहुतेक कार्डं त्यात येतात. एएक्स२०० ला गाभ्याची ५.१ किंवा पुढची आवृत्ती लागते, एएक्स२१० ला ५.१० किंवा पुढची. एन पिढीत अ‍ॅथरॉसची जुनी कार्डं आजही निर्धोक आहेत. यूएसबीत मीडियाटेकच्या ७६१२यू चिपचा ड्रायव्हर ४.१९ पासून गाभ्यात आहे. रिअलटेकच्या ८८१२एयू आणि ८८२१एयू या चिपांचे ड्रायव्हर मात्र बरीच वर्षं बाहेरून घालावे लागत. प्रणाली अद्ययावत झाली की ते मोडायचे आणि परत बसवावे लागायचे. ज्या घरात हे करणारं माणूस नाही, तिथे जुनं लिनक्स असेल तर अशी कांडी देऊ नका.

सध्या बसलेल्या कार्डाची चिप ओळखायची असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या कार्डाच्या ‘प्रॉपर्टीज’मधलं ‘डिटेल्स’ हे पान उघडून ‘हार्डवेअर आयडीज’ निवडा. तिथे उत्पादकाचा चार अक्षरांचा संकेत दिसतो: ८०८६ म्हणजे इंटेल, १६८सी म्हणजे अ‍ॅथरॉस, १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम, १०ईसी म्हणजे रिअलटेक. खाचेतल्या कार्डांना हे संकेत लागू पडतात.

खोक्यावरचा आकडा कसा वाचावा

वाय-फायच्या पिढ्यांचा हिशेब थोडक्यात असा. १९९९ ची बी पिढी ११ मेगाबिटची, २००३ ची जी ५४ ची. २००९ मध्ये एन आली, २०१३ मध्ये एसी आणि २०२१ मध्ये एएक्स मंजूर झाली. याच तिघींना आता वाय-फाय ४, ५ आणि ६ म्हणतात. जुन्या स्वस्त लॅपटॉपमध्ये सहसा एका अँटेनाचं, फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालणारं एन कार्ड असतं. नेहमीच्या परिस्थितीत ते राउटरशी ७२ मेगाबिटने जोडलं जातं. जोडणीच्या आकड्यातले साधारण निम्मे प्रत्यक्ष हाती लागतात, म्हणजे ३५ ते ४०. कनेक्शन १०० चं असो की ३०० चं, असा लॅपटॉप सहसा चाळिशीपलीकडे जाणार नाही.

तोच लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर एसी कार्डाने जोडला, तर एका अँटेनावर ४३३ आणि दोन अँटेनांवर ८६७ ची जोडणी मिळू शकते. निम्मे धरले तरी २०० ते ४०० झाले. घरगुती कनेक्शनला हे पुरून उरतं. म्हणून जुन्या संगणकासाठी पैसे द्यायचे असतील, तर ते सर्वात नव्या पिढीसाठी नाही, दोन्ही पट्ट्यांसाठी आणि दोन अँटेनांसाठी द्या.

खोक्यावरचा ‘१२००’ हा आकडा मात्र बेरजेचा आहे: २.४ चे ३०० आणि ५ चे ८६७ मिळवून, वर चढवून १२००. संगणक एका वेळी एकाच पट्ट्यावर जोडलेला असतो, त्यामुळे ही बेरीज त्याला कधीच मिळत नाही. ‘६००’ म्हणजे १५० आणि ४३३. काकांच्या कांडीवरचा आकडा याच जातीचा होता. त्यात ती भिंतीआडच्या पत्र्यामागे २.४ वर अडकलेली, शेजाऱ्यांच्या डझनभर राउटरांच्या गर्दीत.

इथे पट्ट्यांचा स्वभाव समजून घ्यायला हवा. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतींतून बऱ्या जातात, पण त्या पट्ट्यात गर्दी फार. ५ गिगाहर्ट्झ मोकळा आणि वेगवान, पण विटेच्या जाड भिंती आणि काँक्रीटचे स्लॅब त्याला लवकर थकवतात. भारतात २.४ चा पट्टा २००५ मध्ये विनापरवाना झाला आणि ५ चा मोठा भाग २०१८ च्या अधिसूचनेने. एकाच भिंतीआड संगणक असेल तर ५ वापरा. दोन-तीन भिंती असतील तर दोन्ही पट्टे असलेलं कार्डच घ्या, म्हणजे प्रसंग पाहून बदलता येतं. त्यासाठी राउटरवर दोन्ही पट्ट्यांना वेगवेगळी नावं दिलेली सोयीची.

अमेरिकेतून मुलामुलींनी पाठवलेला लॅपटॉप घरी असेल, तर एक अडचण उभी राहू शकते. भारतात २.४ पट्ट्यात १ ते १३ अशा वाहिन्या चालतात. अमेरिकेच्या बाजारासाठीची कार्डं बहुधा ११ पर्यंतच पाहतात. तुमचा राउटर आपसूक १२ किंवा १३ वर गेला की घरातल्या सगळ्या फोनना वाय-फाय दिसतं आणि त्या एकट्या लॅपटॉपला दिसत नाही. राउटरमध्ये वाहिनी १, ६ किंवा ११ वर पक्की करा. त्याचप्रमाणे ५ च्या पट्ट्यात ३६ ते ४८ मधली वाहिनी ठेवा. जुनी कार्डं ती सहसा ओळखतात.

जुन्या इंटेल कार्डांबद्दलही एक माहिती उपयोगी आहे. ७२६० च्या काळातल्या कार्डांवर जुना ड्रायव्हर असेल तर वाय-फाय ६ च्या नव्या राउटरचं नावच यादीत येत नाही. नवं कार्ड घेण्याआधी ड्रायव्हर अद्ययावत करून पाहा. पुष्कळदा तेवढ्यानेच नाव दिसू लागतं.

सुरक्षेचा विषय दोन वाक्यांत: डब्ल्यूपीए२ ही सुरक्षा-पद्धत चालत नाही असं कार्ड कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नका, आणि त्याच्यासाठी घरच्या राउटरची सुरक्षा कधीही खाली आणू नका. राउटर फक्त डब्ल्यूपीए३ वर असेल तर जुनी कार्डं जोडली जात नाहीत, तेव्हा डब्ल्यूपीए२ आणि ३ दोन्ही चालतील असा मिश्र पर्याय निवडा.

लॅपटॉप उघडण्याआधी

लॅपटॉपच्या आतलं कार्ड बदलणं शक्य आहे, पण तिथे सापळे जास्त आहेत. पहिला आकाराचा. साधारण २००८ ते २०१४ च्या लॅपटॉपमध्ये मिनी पीसीआय एक्स्प्रेस कार्ड असतं. पूर्ण लांबीचं सुमारे ५१ मिलिमीटर आणि अर्ध्या लांबीचं सुमारे २७. त्यानंतरच्या लॅपटॉपमध्ये २२ बाय ३० मिलिमीटरचं एम.टू कार्ड येतं. एक दुसऱ्याच्या खाचेत बसत नाही. मध्ये जोड लावून बसवता येतं, पण एम.टू कार्डावरची अँटेनाची टोपणं अधिक बारीक असतात आणि जुन्या लॅपटॉपच्या अँटेनाच्या तारा त्यावर बसत नाहीत.

दुसरा सापळा नावाचा. इंटेलच्या ९५६०, एएक्स२०१ आणि एएक्स२११ या कार्डांचा अर्धा भाग इंटेलच्या नव्या प्रोसेसरसोबतच्या चिपसेटमध्ये असतो. ही कार्डं स्वस्त मिळतात आणि दिसतात नेहमीच्या एम.टू कार्डासारखीच, पण जुन्या संगणकात ती मृतवत राहतात. तुम्हाला हवीत ती ९२६०, एएक्स२०० किंवा एएक्स२१०. आकड्यांतला हा बारीक फरक दुकानात मोठ्याने वाचून खात्री करा.

तिसरा सापळा सर्वात त्रासदायक. लेनोव्होच्या जुन्या थिंकपॅडमध्ये आणि एचपीच्या अनेक जुन्या लॅपटॉपमध्ये बायॉसमध्येच, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅममध्येच, मान्य कार्डांची यादी घातलेली असे. यादीबाहेरचं कार्ड बसवलं की संगणक सुरू होतानाच अडतो. थिंकपॅडवर १८०२ आणि एचपीवर १०४ हा क्रमांक दिसतो. अशा लॅपटॉपसाठी त्या मॉडेलची दुरुस्तीपुस्तिका कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवा, त्यातल्या सुट्या भागांच्या यादीतलं कार्डच शोधा आणि शक्यतो त्याच भाग-क्रमांकाचं घ्या. ते न जमल्यास यूएसबी कांडी वापरा; तिला ही यादी लागू होत नाही.

कार्ड बदलताना अँटेनाच्या तारांचा फोटो आधी काढून ठेवा. ही इवलीशी टोपणं जेमतेम तीसेक वेळा काढ-घाल करण्याइतकीच टिकाऊ असतात. नखाने सरळ वर उचला, तिरकी ओढू नका. आणि मूळ लॅपटॉपला फक्त २.४ चं कार्ड असेल, तर त्याच्या पडद्याच्या कडेतल्या अँटेना ५ साठी बनवलेल्या नसण्याची शक्यता आहे. दोन्ही पट्ट्यांचं कार्ड बसवूनही ५ चा पल्ला तोकडा राहू शकतो, हे धरून चाला.

कार्ड न घेणं कधी शहाणपणाचं

संगणक इतका जुना असेल की त्याच्या प्रणालीसाठी कोणत्याच कार्डाचा धड ड्रायव्हर मिळत नाही, तर त्याच्या मागच्या लॅन पोर्टाचा उपयोग करा. घरात पडून असलेला जुना राउटर किंवा लॅन पोर्ट असलेला एक्स्टेंडर संगणकाशेजारी ठेवा, तो मुख्य वाय-फायला जोडा आणि तिथून संगणकापर्यंत हातभर केबल टाका. संगणकाला वाटतं आपण केबलनेच जोडलेलो आहोत. वाय-फायचा ड्रायव्हर लागतच नाही. जुन्या राउटरच्या सेटिंगमध्ये क्लायंट किंवा ब्रिज असा पर्याय आहे का, ते आधी पाहा. गावच्या शाळेतले किंवा वाचनालयातले तीन-चार जुने संगणक एका कोपऱ्यात असतील तर हा मार्ग कार्डांपेक्षा स्वस्त पडतो, कारण एका राउटरच्या चार लॅन पोर्टांतून चार संगणक जोडले जातात. आणि ज्या घरात केबल नेणं शक्य आहे, तिथे केबलच न्या. तिच्याइतकं स्थिर काहीच नाही.

बसवण्याच्या दिवशी

नव्या कार्डासोबत अनेकदा ड्रायव्हरची छोटी सीडी येते आणि संगणकाची सीडी ड्राइव्ह कधीच बंद पडलेली असते. म्हणून कार्ड बसवण्याआधी, चालू असलेल्या इंटरनेटवरून ड्रायव्हर उतरवून पेनड्राइव्हवर ठेवा. तो चिप बनवणाऱ्या किंवा कार्ड विकणाऱ्या कंपनीच्याच संकेतस्थळावरून घ्या. ‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकवर’ देणाऱ्या अनोळखी जागांकडे फिरकू नका. काही यूएसबी कांड्या पहिल्यांदा लावल्यावर वाय-फाय म्हणून न दिसता सीडीसारख्या दिसतात. त्यांच्यातच ड्रायव्हर ठेवलेला असतो. तो बसवला की त्या कांडीसारख्या वागू लागतात.

लॅपटॉपच्या बाबतीत बॅटरीही काढा. कार्ड खाचेत तिरकं घालून मग दाबून सपाट करतात, पुढे स्क्रू लावतात. कामानंतर विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘नेटश डब्ल्यूलॅन शो इंटरफेसेस’ ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत लिहिली की कोणत्या पिढीत आणि किती वेगाने जोडणी झाली ते दिसतं. हा आकडा लिहून ठेवा. पुढे वेग घसरला तर तुलनेला काहीतरी हाताशी असेल.

माझा निवाडा

पीसीआय एक्स्प्रेस खाच असलेल्या डेस्कटॉपला दोन्ही पट्ट्यांचं, दोन अँटेनांचं एसी कार्ड घ्या, अँटेना टेबलावर येईल असं. प्रणाली विंडोज १० वा ११ असेल किंवा नवं लिनक्स, आणि किमतीत फार फरक नसेल, तरच वाय-फाय ६. फक्त पीसीआय खाच असलेल्या डेस्कटॉपला अँटेनावाली यूएसबी कांडी वाढीव वायरीसह, किंवा राउटर-ब्रिज. लॅपटॉपला आधी ड्रायव्हर, मग आतलं कार्ड, आणि बायॉसची यादी आडवी आली तर कांडी.

काकांच्या संगणकावर आम्ही आधी लिनक्स मिंटची हलकी आवृत्ती घातली आणि मग इंटेलच्या चिपचं पीसीआय एक्स्प्रेस कार्ड बसवलं. अँटेना टेबलावर, खिडकीच्या बाजूला. मागच्या खोलीत आता त्यांना साठच्या आसपास मेगाबिट मिळतात, फोनला मिळत होते तेवढेच. नातवाशी रोज संध्याकाळी बोलणं होतं.

तुम्हीही दुकानात जाण्याआधी एका कागदावर चार ओळी लिहा: मोकळी खाच किंवा यूएसबीची आवृत्ती, प्रणाली आणि ती ३२ की ६४ बिटची, राउटरचं मॉडेल, आणि संगणक ते राउटर मधल्या भिंती. तो कागद काउंटरवर ठेवा आणि कार्डाची चिप कोणती, हे विचारा. या प्रश्नाचं नीट उत्तर मिळालं तर खरेदी करा. नाही मिळालं तर पुढच्या दुकानात जा.